पिवळ्या धातूच्या गिन्न्या

नोकरीत हाताळलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्याचा, हेही कधी कधी आठवत नाही. पण पेणच्या पोलीस ठाण्यात माझ्या टेबलावर ठेवलेल्या त्या चार गिन्न्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ही हकिकत सांगताना मी कुणाचं नाव घेणार नाही. त्यातली माणसं आणि त्यांची लेकरंबाळं आजही त्याच गावांत राहतात.

मी तेव्हा पेणला फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून समन्सांवर सह्या करत होतो, इतक्यात जिते गावाकडचा एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. भात आणि वाल पिकवणारा, घरचं खाऊनपिऊन सुखी असलेला, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेला माणूस. असा माणूस ठाण्यात आला की त्याला आधी बसवावं, पाणी द्यावं आणि मग गप्प बसावं. तो आपोआप बोलतो. सरावलेला माणूस आल्या आल्या बोलायला लागतो, तिथं सावध राहावं लागतं.

त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि चार गिन्न्या टेबलावर ठेवल्या. एक उचलून मी लाकडावर टाकली. आवाज बद्द आला.

हकिकत अशी. त्याच्या मुलीचं लग्न पेणमधल्या एका घरात ठरलं होतं. मुलीच्या अंगावर घालायला म्हणून त्यानं रोह्याच्या एका सराफाकडून या गिन्न्या घेतल्या होत्या. तो सराफ गहाणाचाही धंदा करायचा. जे सोनं मालक सोडवून नेत नाही ते बुडीत गहाण म्हणून विकायचा. असं सोनं घडणावळीशिवाय मिळतं, म्हणून लग्नसराईत त्याला गिऱ्हाईक फार. प्रत्येक गिन्नी सोन्याच्या कड्यात बसवलेली होती आणि वर ओवायला नाकं होतं. मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी त्या माळेत ओवायला पेणच्या आपल्या सोनाराकडे दिल्या. त्यानं कडं उघडलं, गिन्नी कानशीनं घासली, तर आतून पांढरी निघाली. चांदीवर सोन्याचा जाड मुलामा होता.

"व्याही काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणालं, खऱ्या गिन्न्या आल्याबिगर मांडव घालायचा नाय," तो म्हणाला. "ते एक वेळ चालंल साहेब. पन आळीत सांगत सुटलंय का मी जाणून खोटं सोनं दिलं. उद्या लगीन झालं तरी माजी पोर त्या घरात खोटारड्याची लेक म्हनूनच नांदनार काय?"

हळद लागायला आठवडा उरला होता. मी फिर्याद नोंदवून घेतली, साहेबांची परवानगी काढली, रोह्याच्या ठाण्याला बिनतारीवरून कळवलं आणि आमच्या जुन्या हवालदाराला घेऊन जीप काढली. वडखळ, नागोठणे, रोहा. रस्ताभर माझ्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. वाटत होतं, चोर आयता दुकानात बसलाय, जायचं आणि उचलायचा.

सराफ सत्तरीला टेकलेला, काळी टोपी घातलेला शांत माणूस होता. फसवणुकीचा आरोप ऐकून तो ओरडला नाही की हातापाया पडला नाही. त्यानं गिन्न्या हातात घेतल्या, उघडलेलं कडं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

"शेठ, तुम्ही सोनं पारखता कसं, ते मला दाखवा," मी म्हणालो.

त्यानं कसोटीचा दगड काढला, गिन्नीची कड त्यावर घासली, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ गेली नाही. मुलामा इतका जाड होता की कसोटीही फसली. वजनाचा प्रश्नच नव्हता, कारण कड्यासकट वजन केलं तर आतलं नाणं हलकं आहे की जड, हे कळणार कसं?

"कडं उघडून का नाही बघितलंत?"

"पूजेतल्या गिन्न्या होत्या साहेब. हळदकुंकू लागलेल्या. वडिलांपासूनची रीत आहे, पूजेतल्या नाण्याला छिन्नी लावायची नाही. कपाळाला लावायचं आणि पेटीत ठेवायचं."

"गहाण कुणी ठेवल्या होत्या?"

इथं म्हातारा अडला. "मला आत टाका, पण घरांची नावं विचारू नका," तो म्हणाला. "गहाणाच्या धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी उघडली तर उद्या माझ्या पायरीवर कुत्रंही फिरकणार नाही. चांगल्या घरच्या बायका स्वतः येत नाहीत साहेब, मध्यस्थाच्या हातून पाठवतात. न सोडवल्याची नोटीससुद्धा मी मध्यस्थाच्याच हातून देतो. घरी पाठवली तर चारचौघांत शोभा होते."

माझा संशय आणखी बळावला. नाव न सांगणारा माणूस पोलिसाला आधीच आवडत नाही. तोवर बाजारात बातमी फुटली होती. ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून गिन्न्या घेतल्या होत्या ते दुकानासमोर जमायला लागले. कुणीतरी "म्हाताऱ्याला भायेर काढा" म्हणालंसुद्धा. मी दोन शिपाई दाराशी उभे केले, बाजारातले दोन पंच बोलावले आणि पेटीतल्या उरलेल्या गिन्न्यांचा पंचनामा सुरू केला.

पंचनाम्यात पोलीस 'सोनं' हा शब्द कधी लिहीत नाहीत. ते ठरवणं आमचं काम नव्हे. आम्ही लिहितो 'पिवळ्या धातूचे'. हवालदार एकेक पुरचुंडी सोडत होता आणि एका सुरात सांगत होता: पिवळ्या धातूची गिन्नी, पिवळ्या धातूचं कडं, खाचांमध्ये हळदकुंकू. पुढची. पिवळ्या धातूची गिन्नी, कडं, खाचांमध्ये हळदकुंकू. मी अर्धवट ऐकत होतो. तेवढ्यात म्हातारा कळवळून म्हणाला, "ती जरा जपून हो हवालदार. ती सुटायची आहे अजून. मोहल्ल्यातल्या दुबईवाल्याच्या घरची आहे."

माझे कान टवकारले. मी ती गिन्नी हवालदाराच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. खाचाखाचांत लालभडक कुंकू.

"शेठ, ही मुसलमानाच्या घरची?"

"हो."

"मग हिला कुंकू कुणी लावलं?"

म्हाताऱ्यानं गिन्नी माझ्याकडून घेतली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली. "हीसुद्धा मी कपाळाला लावली होती," तो हळूच म्हणाला. "लाल दिसलं की हात जोडायचे, एवढंच ठाऊक. बघितलंच नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला नाचावंसं वाटलं. बढतीचा हुकूम हातात पडला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. चोर समोर बसलेला नव्हता, पण तो कुठल्या वाटेनं आला ते लख्ख दिसलं होतं. म्हाताऱ्यालाही ते कळलं. मूठ झाकायचं कारणच उरलं नव्हतं, कारण त्या मुठीत घर नव्हतंच. त्यानं मध्यस्थाचं नाव सांगितलं. रोहा, नागोठणे, पेण या पट्ट्यात लुनावर गठ्ठा बांधून हप्त्यानं साड्या विकणारा एक गोडबोल्या माणूस. घराघरांत जाणारा, कुणाचा नवरा कुठे नोकरीला आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं ठाऊक असलेला.

तरी खात्री करणं भाग होतं. मी आणि हवालदार साध्या कपड्यांत मोहल्ल्यातल्या त्या घरी गेलो. दारात घरची सून आली, मागे सासू उभी राहिली. मी आवाज खाली ठेवून विचारलं, "ताई, तुम्ही कधी सोनं गहाण ठेवलंय का?"

"आमी? गहान?" ती म्हणाली. "साहेब, माजा मालक दुबईला हाय. तो सोनं धाडतो, आमी कशाला गहान ठेवू? कोन बोलला तुमाला?"

"साडीवाल्याकडून साड्या घेता ना?"

"घेतल्या व्हत्या दोन. हप्ते कवाच फिटले."

सासू मागून म्हणाली, "त्याला हितं घेऊन या, मी बघते त्याला." तिची फार समजूत काढावी लागली. अजून कुठं बोलू नका म्हणून हात जोडले, तेव्हा ती शांत झाली. आणखी दोन हिंदू घरांत विचारलं, तिथंही तेच. गिन्नी सोडाच, त्या घरांतून कुणी वाटीभर तांदूळही गहाण ठेवले नव्हते.

आता सापळा. सराफानं साडीवाल्याला निरोप धाडला की लग्नसराई आहे, गिऱ्हाईक फार आहे, काही असेल तर घेऊन ये. बाजाराच्या दिवशी तो आला. माझे दोन शिपाई गिऱ्हाईक म्हणून बसले होते, मी आतल्या खोलीत पडद्यामागे.

त्यानं खिशातून गिन्नी काढली. "नागोठण्याच्या एका बाईंची हाय शेठ. नदीचं पानी घरात शिरलं, सगळं वाहून गेलं. देव्हाऱ्यातली तेवढी उरली."

काय सफाई होती बोलण्यात! मलासुद्धा त्या बाईंची दया आली असती. सराफानं गिन्नी घेतली आणि जुन्या सवयीनं कपाळाला लावली, पण म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. साडीवाल्यानं तो हात पाहिला, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, गिऱ्हाइकांच्या पायांतले सरकारी बूट पाहिले आणि गठ्ठा उचलून धूम ठोकली.

मी पडदा फाडूनच बाहेर आलो. पुढे तो, मागे आम्ही तिघे, आणि भर बाजार. लुना काही चालू होईना. ती टाकून तो पुलाच्या दिशेनं सुटला, पण गठ्ठा काही सोडला नाही. लोभ माणसाला पळतानाही सुटत नाही. मासळीवाल्यांपाशी गठ्ठ्याची गाठ सुटली, नायलॉनच्या साड्या रस्ताभर पसरल्या आणि त्यातल्याच एकीत पाय गुंतून गडी आडवा झाला. एक मासळीवाली टोपली सावरत म्हणाली, "आता नेस ती." त्याही परिस्थितीत मला हसू आवरेना.

ठाण्यात त्यानं पहिला पवित्रा ठरलेलाच घेतला: मी फक्त मध्यस्थ, खोट्याखऱ्याचं मला काय कळतं? माझी एक पद्धत होती. मारून माणूस बोलतो, पण खरंच बोलतो असं नाही. त्यापेक्षा त्याला हवं तेवढं बोलू द्यावं. मी त्याला एकेका गिन्नीचं घर विचारत गेलो. तो धडाधड सांगत गेला. मोहल्ल्यातली गिन्नी आली.

"ही?"

"दुबईवाल्याच्या घरची."

"नक्की?"

"व्हय साहेब, त्या भाभींनी सोताच्या हातानं दिली."

"मग भाभी देव्हाऱ्यात ठेवून हिची पूजा करायच्या काय?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं बाहेर आलं. मुंबईकडच्या एका मुलामा देणाऱ्याकडून माल यायचा. कडी तेवढी खऱ्या सोन्याची. शेठ पूजेच्या नाण्याला छिन्नी लावत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. घरी बसून तो सगळ्या गिन्न्यांना एकदमच हळदकुंकू फासून ठेवायचा. "हाताला सवय झाली व्हती साहेब," तो म्हणाला. "कुनाच्या नावावर कुठली जाईल, त्याचा इचार नाय केला."

गुन्हा उघडकीस आला, पाठीवर थाप मिळाली. पण जित्याचा तो शेतकरी ठाण्याच्या ओट्यावर तसाच बसून होता. "चोर घावला साहेब, बरं झालं. पन माज्या पोरीचं काय?" खोट्या गिन्न्या मुद्देमाल म्हणून जप्त, साडीवाल्यानं पैसे उडवलेले, आणि कोर्टाचं काम कधी संपेल ते देवाला माहीत.

उत्तर सराफानं दिलं. त्यानं निरोप पाठवून दोन्ही व्याह्यांना आणि मला दुकानात बोलावलं. घरच्या देवीच्या गळ्यातली माळ त्यानं काढून आणली होती. तिच्यातही गिन्न्या होत्या, आजोबांच्या वेळच्या, कड्यात बसवलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंकवानं काळपट झालेल्या. त्यानं आमच्यासमोर त्या कपाळाला लावल्या आणि मग छिन्नी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. एकदा छिन्नी निसटलीही. चारही कडी उघडली, गिन्न्या धुतल्या, नुसत्या काट्यावर घातल्या, कडेला नाही तर मध्यावर कस लावला. सोनं अस्सल होतं.

"घ्या," तो शेतकऱ्याला म्हणाला.

नवऱ्या मुलाचा बाप चपापला. "शेठ, देवीच्या गळ्यातलं आमी कसं घ्यायचं?"

"इतकी वर्षं मी देवीला जपलं, म्हणून गिऱ्हाईक बुडालं," सराफ म्हणाला. "आता मी गिऱ्हाईक जपतो. देवी तिचं तिचं बघून घेईल."

नवऱ्या मुलाचा बाप उठला आणि शेतकऱ्याच्या पाया पडला. मुलीच्या बापाच्या पाया पडणारा वरबाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

जुनी गिन्नी घेताना कडं उघडून घ्या, नुसतं नाणं तोला, पावती मागा, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलो. पण या प्रकरणानं मला शिकवलं ते वेगळंच. हुशार चोर कुलूप फोडायच्या भानगडीत पडत नाही. आपण भक्तीनं ज्याला हात लावत नाही आणि लाजेनं जे विचारत नाही, नेमकी ती जागा तो शोधून ठेवतो. म्हणून विश्वास टाकलेल्या वस्तूचीही पारख करावी. त्यानं विश्वासाचा अपमान होत नाही.

लग्नाला मी गेलो होतो, गणवेश न घालता. मुलीच्या गळ्यात माळ होती. एका गिन्नीच्या कडेला छिन्नी निसटल्याचा ओरखडा अजून तसाच होता. सोनार तो घासून काढत होता, पण सासूबाईंनीच नको म्हटलं. त्यावर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे म्हटलं साहेब. उद्या कुनी काय बोललंच, तर आमच्या सुनेला हा दाखवता येल."