बोरिवलीचा आठवा पतंग

मंडळी, आज म्युझियममध्ये स्वतःचीच एक चूक सापडली. तीही ऐंशीच्या दशकातली.

तेव्हा मी एमएस्सी करत होते. बोरिवलीला आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटवर पतंग यायचे. सकाळी चिमण्यांनी खायच्या आत मी ते गोळा करायचे. त्यातले अगदी सारखे दिसणारे आठ पतंग टाचण्या टोचून एका डब्यात लावले.

बाबा गिरणीत कापड तपासायचे. गिरणी बंद पडल्यापासून घरीच असायचे. डब्यातल्या शेवटच्या पतंगावर बोट ठेवून म्हणाले, "हा निराळा वाटतो गं. उलटा करून बघितलास?"

मी फटकन म्हटलं, "बाबा, हे कापड नाहीये!"

ते नुसता चष्मा पुसत राहिले. मी आठांना एकच नाव लिहून डबा म्युझियमला देऊन टाकला.

आज तिथल्या प्राचीने तो डबा पुन्हा तपासायला काढला. वरून सगळे सारखेच राखाडी. मग तिने पंखांखाली छोटा आरसा धरला. "मॅडम, सातांना खालून एकच काळी रेघ आहे. आठव्याला दोन. ही वेगळी जात आहे ना!"

मी तो आरसा बराच वेळ खाली ठेवलाच नाही. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. तरी वाटलं, आत्ता घरी एक फोन लावावा.

नवीन लेबल लिहिताना प्राचीने विचारलं, "जात ओळखणारं कोण? तुमचं नाव टाकू ना?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"हे कुठल्या कॉलेजचे?"

"गिरणीचे," मी म्हटलं.

लेबल लागलं. आता हे त्यांना कुठे जाऊन सांगू, सांगा ना?