शेवंतीवरचा कोळी

बायको लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेली, तेव्हा जाताना दोनच गोष्टी बजावून गेली. रात्री गॅसचा कॉक बंद करायचा आणि गच्चीतल्या शेवंतीला रोज पाणी घालायचं. "शेवंती फुलायच्या आत मी परत," म्हणाली. मी म्हटलं, "हां हां, जा तू निवांत." खरं सांगतो, मनातून मला बरंच वाटलं होतं. नुकताच कामातून निवृत्त झालो होतो. म्हटलं, टीव्हीचा आवाज आपल्या मर्जीचा, चहा आपल्याला हवा तेव्हा, टोकणारं कुणी नाही. ही हौस पहिली खिचडी बुडाला लागेपर्यंत टिकली.

सव्वा महिना झाला की येते, असं ठरलं होतं. मग बारसं झालं, मी जाऊन आलो. मग बाळानं मान धरली की येते. मग लेकीचं ऑफिस सुरू झालं, बाळाला कोण बघणार? सगळं खरं होतं हो, एकही कारण खोटं नव्हतं. पण बाई काही अमेरिकेला गेलेली नव्हती. संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी पुण्यात. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर करत दिवाळी गेली, आणि इकडे गच्चीत शेवंतीनं कळ्या धरल्या.

तुम्हाला हसू येईल, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. या घरात तिला ओढून आणेल असं काही असेल, तर ती शेवंती. मी नव्हे. रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायची, "अहो, गच्चीवर चला ना." मग मी फोन धरून जिना चढायचा आणि एकेका कुंडीपुढे थांबायचं. पिवळी कशी आहे, पांढरी कशी आहे, त्या कोपऱ्यातल्या जांभळीला ऊन मिळतंय का. माझा गुडघा दुखतोय हे सांगायला मला मध्ये फटच मिळायची नाही. तरी मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. म्हटलं, फुलू दे एकदा सगळी. भरलेली गच्ची बघितली की तिला राहवणार नाही, येईलच.

फुलं उमलली आणि पानं फिकट पडायला लागली.

आधी मला वाटलं धूळ आहे. आमच्या दिघीत समोर मिलिटरीची मोकळी जमीन, तिकडून वारा सुटला की दाराच्या कडीवरसुद्धा माती. पण पान धुतलं तरी ठिपके जाईनात. बारीक पिवळे ठिपके, सुईनं टोचल्यासारखे. पान उलटं करून बघितलं तर खाली जाळी. मी उभा जन्म वर्कशॉपात लेथ मशीनवर काढलेला माणूस, केसाएवढा फरक हाताला कळतो मला. पण हे डोळ्याला नीट दिसेना. शेवटी पांढरा कागद खाली धरून पान झटकलं. कागदावर लाल तिखटाचे कण पडले. आणि ते कण चालायला लागले. 

आळंदी रोडला एक नर्सरी आहे. नर्सरीवाला म्हातारा शेजारच्या भोसरीचा मूळ गावकरी. त्याला पिशवीतून फांदी नेऊन दाखवली. त्यानं पान हातातसुद्धा घेतलं नाही.

"लाल कोळी हाय ह्यो. पिशवी मिटा आधी, माझ्या झाडांवर नगा सोडू."

"औषध द्या काहीतरी."

"आता काय देऊ? फूल उमललंय न्हवं? आता न्हाई औषध मारता येत, फुलं डागाळत्यात. कळीच्या आधी यायचं व्हतं." मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. "पानाच्या खालच्या अंगाला पाणी मारा जोरात, जाळी तुटंल. न्हाईतर निंबोळीचं तेल घ्या, साबण घालून पाण्यात फेटा. दुधागत पांढरं झालं पायजे. सांजच्याला मारायचं, फुलाला लावायचं न्हाई. आन् न्हाईच आटपलं तर बुडातनं छाटा. फुटतंय परत."

छाटा म्हणे! ती यायच्या आत फुलं छाटून टाकू? मी निंबोळीचं तेल घेतलं आणि निघालो.

पुढचे काही दिवस मी जे केलं, ते कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. कुंडी आडवी करायची, मांडी घालून बसायचं, डाव्या हातानं फुलं वर धरायची आणि उजव्या हातानं पान न् पान खालून धुवायचं. सोबतीला कुणी नाही, म्हणून मी कोळ्यांशीच बोलायचो. "या, या, तुमचीच वाट बघत होतो." शेजारच्या बाईंनी एकदा कपडे वाळत घालताना ऐकलं आणि घाईघाईनं खाली गेल्या. दिवसाकाठी माझं तेवढंच बोलणं व्हायचं, ते तरी का सोडू? पण कितीही जपलं तरी पाणी फुलांत जायचंच. पाकळ्या कडेनं तपकिरी व्हायला लागल्या. निंबोळीच्या वासानं माझं डोकं उठायचं, आणि दोन दिवसांनी बघावं तर कागदावर लाल कण पुन्हा हजर.

आता अक्कल कशी गहाण पडते बघा. निंबोळीचं तेल फेटताना ते पांढरं झालं आणि मला वाटलं, अरे, हे तर आपल्या ओळखीचं आहे! लेथवर लोखंड कापताना गरम होऊ नये म्हणून त्यावर जे कूलंट सोडतात, तेही तेलच. पाण्यात घातलं की अगदी दुधासारखं. जन्मभर माझे हात त्यात भिजलेले. वास नाही फारसा, चिकटतं छान, पातळ थर बसतो. कोळी गुदमरूनच मरायचे असतील, तर हे काय वाईट?

भोसरीत आमच्या जुन्या वर्कशॉपसमोर एका जुन्या दोस्ताचा ग्राइंडिंगचा गाळा आहे, सगळे त्याला भाई म्हणतात. माझ्याच वयाचा, बरीच वर्षं आम्ही समोरासमोर काम केलं. निवृत्तीनंतर मी अधूनमधून तिथं जाऊन बसायचो. बसायचो म्हणजे काय, मशीन चालू असताना बोलता येत नाही आणि मशीन बंद ठेवायला त्याला परवडत नाही. कामाच्या माणसाजवळ रिकामा माणूस बसला की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. त्या दिवशी मात्र मी काम घेऊन गेलो होतो. बाटलीभर कूलंट मागितलं. कशाला, ते सांगितल्यावर त्यानं मशीनच बंद केलं.

"भाऊ, याने लोखंडाला गंज चढत नाही. झाडाला काय होतं, कुणी बघितलंय?"

"तू तुझं ग्राइंडिंग बघ."

"ते बघतोच रे. आमच्या घरी येऊन जेव आज, तुझी भाभी विचारत होती." मी म्हटलं, नको, झाडांना फवारायचंय. कुणी प्रेमानं बोलावलं तर मी असाच आहे, खाली मान घालून निघून येतो.

सगळ्या कुंड्यांना मारलं. फुलांनासुद्धा मारलं, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हानं पानं तळून निघाली. कडा काळ्या, मध्ये तेलकट डाग. तिसऱ्या दिवशी फुलांनी माना टाकल्या. कोळी मेले असतील, नसतील. बघायला धड पानच उरलं नव्हतं. मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. पासष्टीच्या उंबऱ्यावरचा माणूस शेवंतीसाठी रडतोय! पण मी शेवंतीसाठी रडत नव्हतो, हे मलाही कळत होतं.

त्या रविवारी गच्चीवर नेट नाही असं सांगून वेळ मारून नेली. पुढच्या रविवारी ऊन फार आहे म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "अहो, काय झालंय शेवंतीला?" बायकोपुढे खोटं फार टिकत नाही. गेलो वर आणि कॅमेरा समोर धरला. एकेक कुंडी दाखवली, रविवारी दाखवायचो तशीच. मनाची तयारी केली होती. आता ओरडेल, चिडेल, एवढं साधं काम जमलं नाही म्हणेल. चिडली तर बरंच, चिडून पहिल्या बसनं येईल, असंही वाटून गेलं.

ती चिडली नाही. मांडीवरच्या बाळाला थोपटत बघत राहिली.

"कोळी पडला होता," मी म्हटलं. "छाटली तर बुडातून फुटते म्हणतात. छाटू का?"

"छाटत कुठं बसता? गुडघा दुखतोय ना तुमचा, जिना चढताना कळतं मला. देऊन टाका कुणाला तरी, कुंड्यांसकट."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ऐकू आलं.

"कुणाला देऊ? आणि तू आल्यावर?"

ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मागे कुकरची शिट्टी झाली, लेक कुणाशी तरी हसत बोलत होती, जावई चार्जर शोधत होते. मग मी आवाज चढवलाच. "सरळ सांग, येणार आहेस की नाही?"

"ओरडू नका, बाळ उठेल," ती म्हणाली. मग अगदी सावकाश, आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलली. "मला इथं बरं वाटतं हो. संध्याकाळी घरात माणसं असतात. तुमची सेकंड शिफ्ट, तुमचा ओव्हरटाइम. तिथं संध्याकाळी त्या कुंड्यांशिवाय मला होतं काय? तेव्हा बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून लावल्या होत्या. आता नाही लागत."

 तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

"असं करा," ती म्हणाली, "तुम्हीच या ना इकडे चार दिवस. बाळालाही बघाल."

या चार दिवस. पाहुण्याला आपण असंच म्हणतो.

"बघतो," मी म्हणालो. पाहुणाही तेच म्हणतो.