दोन यंत्रं आणि आक्काची बोटं

कॉम्प्युटर अडकला की लोक आधी समोरच्या माणसाकडं संशयानं बघतात. तुम्हीच काहीतरी दाबलं असणार, असं त्यांचं ठरलेलं असतं. निपाणीतल्या माझ्या ऑनलाइन सेंटरात हे मी भोगलंय आणि दुसऱ्यालाही भोगायला लावलंय. त्याचा राग अजून जात नाही.

सेंटरात बोटांचे ठसे घेणारी दोन यंत्रं होती. रेशनकार्डासारख्या कर्नाटकाच्या कामांना एक, आणि हद्दीपलीकडच्या गावांतून येणाऱ्यांच्या महाराष्ट्राच्या कामांना दुसरं. एक वापरताना दुसरं काढून ठेवायला हवं होतं. पण आम्ही सीमेवरची माणसं. एकीकडचं धरलं म्हणून दुसरीकडचं सोडायची आम्हाला सवयच नाही. मी दोन्ही यंत्रं कायम जोडलेली ठेवायचो आणि गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचो.

दुसरं यंत्र आलं त्याच आठवड्यात कॉम्प्युटर अडकायला लागला. माउसचा बाण जागच्या जागी खिळायचा, पडद्यावरचं घड्याळसुद्धा थांबायचं, बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नसायचा. पहिल्या यंत्रवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले दुसऱ्याचा ड्रायव्हर वाईट आहे. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्राम. दुसऱ्यांनी सगळं पहिल्यावर ढकललं आणि वर सल्ला दिला, एकाच राज्याचं काम करा की. निपाणीच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कमाल झाली.

शेवटी सीपीयू मांडीवर घेऊन बसनं बेळगाव गाठलं. दुरुस्तीवाल्यानं तो दिवसभर चालवून बघितला. यंत्रं माझ्या टेबलावर राहिली होती, त्यामुळं तिथं तो सुतासारखा सरळ चालला. मशीन उत्तम आहे, चालवणारा नीट पाहिजे, हे ऐकून मी तणतणत परत आलो.

आणि तो राग काढला आक्कावर. ही आमच्या गल्लीतली विड्या वळणारी बाई, घरात एकटी. बोट देऊन ओळख पटवली नाही तर तिचं नाव रेशनकार्डावरून उडणार होतं, आणि मुदत जवळ येत होती. इतरांचा ठसा क्षणात उमटायचा. वर्षानुवर्षं तंबाखू आणि पानं हाताळलेल्या तिच्या बोटाला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर अडकायचा. तिसऱ्या खेपेला मी भरल्या सेंटरात म्हणालो, "आक्का, तुमची बोटंच गेल्यात. तुमच्यामुळं मशीन बंद पडतंय."

रांगेतले दोघंतिघं हसले. ती हात पदराखाली घेऊन निघून गेली. त्यानंतर आठवडाभर तिनं विडीला हात लावला नाही, रोज बोटांना खोबरेल चोळत बसली, हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

मुदतीच्या आदल्या दुपारी सेंटर रिकामं होतं. मी माझंच बोट काचेवर मुद्दाम अर्धवट टेकवलं, म्हणजे ठसा लवकर उमटणार नाही. दहाबारा सेकंद गेले आणि कॉम्प्युटर अडकला. ज्या बोटांनी जन्मात कीबोर्डापलीकडं काही केलं नाही, त्या बोटांनीही अडकला. दुसऱ्या यंत्राची वायर उपसून पुन्हा तेच केलं, तर चालू राहिला. जोडली की अडकला. ठसा यायला उशीर झाला की दुसऱ्याचा ड्रायव्हर मध्येच घुसायचा, आणि दोघांच्या ओढाताणीत सगळं ठप्प व्हायचं.

दोन्ही ड्रायव्हर काढले, पहिल्याचा तेवढा नव्यानं टाकला. अर्ध्या तासाचं काम. महिनाभर ते ना यंत्रवाल्यांनी सांगितलं, ना बेळगावच्या शहाण्यानं, ना मला सुचलं. सुचणार कसं? खापर फोडायला एक गरीब बाई समोर होती, मग डोकं कोण चालवतंय.

दुसऱ्या दिवशी आक्काला निरोप देऊन बोलावलं. चौथ्या प्रयत्नाला तिचा ठसा उमटला, कॉम्प्युटर तोवर न अडकता मुकाट वाट बघत राहिला. नाव कार्डावर राहिलं. मी तिच्याकडं वाकून हळूच सांगितलं की दोष मशीनचा होता, तुमच्या बोटांचा नव्हता. मला वाटलं, सुटलो.

ती खुर्चीवरून उठली नाही.

"माजी बोटं गेल्यात म्हणून चौघांत बोललास न्हवं? मग चांगली हाईत म्हणून बी चौघांतच सांग."

रांगेत आठदहा माणसं होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. दाराजवळच्यांना ऐकू गेलं नाही, असं ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.