ताईचं विकाऊ घर

आमच्या ताईने जन्मात एकच हट्ट धरला: हे घर विकायचं आणि लेकीच्या गावी जाऊन राहायचं. भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कधी नाही म्हटलं नाही. तिथेच घात झाला.

घर दुमजली, लाल विटांचं, भावजींना आत्याकडून मिळालेलं. ती दोघं तिथे राहायला गेली, तोवर वर्षानुवर्षं बंद होतं. खिडक्यांतून झाडं उगवलेली, जिन्याच्या पायऱ्या मोडलेल्या. "जरा डागडुजी करू, मग विकू," भावजी म्हणाले. ते मोटार चालवायला शिकवायचे. जगाला गाडी पुढे न्यायला शिकवणारा हा माणूस स्वतः जागचा हलत नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. ते हसायचे.

घाई त्यांनी एकदाच केली. विटांमधला जुना चुना भुसभुशीत झाला होता. तो उकरून त्यांनी सगळ्या फटी सिमेंटने भरल्या. घर चकाचक दिसू लागलं, ताईने बांधाबांध सुरू केली. पण पावसाळा सरला आणि विटांचे पोपडे सुटायला लागले. बोट लावलं की लाल भुकटी. सिमेंट इतकं घट्ट बसलं होतं की भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती.

"असलं घर कुणाच्या गळ्यात मारायचं?" भावजी म्हणाले. "सगळं सिमेंट काढून परत चुनाच भरावा लागेल."

"किती दिवस लागतील?" ताईने विचारलं.

"होईल गं."

त्या 'होईल'मध्ये ताईचे केस पांढरे झाले. छिन्नी जरा जोरात बसली की वीटच फुटायची, म्हणून काम मुंगीच्या पावलांनी चालायचं. आधी ताई नुसती धुसफुसायची. मग लवकर उरकावं म्हणून नाकाला रुमाल बांधून स्वतःच चुना चाळायला बसली. हातांची सालटी निघायची. लेकीला मूल झालं तेव्हा मागची भिंत उघडी पडलेली, म्हणून बाळाला पाहून लगेच परतली. मला संताप यायचा.

"ताई, त्या भिंतीत स्वतःला चिणून घेतलंयस तू!"

"मग ये की चाळायला. लवकर सुटेन," ती म्हणाली.

भावजींचे गुडघे गेले, तेव्हा खालच्या फटीही तीच भरू लागली.

अखेर गेल्या वर्षी शेवटची भिंत झाली. गिऱ्हाईक मिळालं, भलं जोडपं. सगळं ठरलं. ताईच्या बॅगा दाराशी आल्या, तिला पोचवायला मी आले होते. घर पुन्हा एकदा पाहायला ते जोडपंही आलं होतं. जाता जाता त्यातल्या गृहस्थांनी भिंतीवर हात फिरवला.

"सुरेख आहे हो. पण आम्ही वरून सिमेंटचा गिलावा मारून घेऊ. नंतरची कटकट नको."

भावजींनी मान खाली घातली. आता हे मोडता घालणार, असं मी मनात म्हटलं. तोंड उघडलं ते ताईने.

"घर विकायचं नाही."

"अगं..." भावजी चाचरले.

"सिमेंट लावणार म्हणतायत ते!"

ते जोडपं गोंधळून निघून गेलं. मी ताईवर भडकले. "वेड लागलंय का तुला? सुटत होतीस ना!"

ती बॅगेवरच बसली आणि ढसाढसा रडली. "मला जायचंच होतं गं. अजूनही जायचंय. पण हे असं टाकून कशी जाऊ?"

भावजींनी पाणी आणलं. ती ते प्यायली, तिने डोळे पुसले. "लेकीला तूच फोन लाव. माझ्याने सांगवणार नाही."

मी फोन लावला. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "मावशी, आईची खोली लावून ठेवलीय. किती वाजता पोचतेय ती?"