भूपेंद्रसर, आमेन!

भर तपासणीच्या दिवशी, तालुक्याचे साहेब वर्गात बसलेले असताना आमच्या समोरची अख्खी शाळा मधेच सुटली, ती माझ्यामुळे. मी शिक्षक नाही, शिपाईही नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला साधा कारकून आहे. सगळ्या नोकरीत मी वेळेआधी कुणाला सोडलं नाही. स्वतःचा अपवाद सोडला तर.

झालं असं, की मुलाने पुण्याहून माझ्यासाठी विजेवर चालणारी स्कूटर पाठवली. तिला मागे जायचंही बटण आहे. या वयात माणूस तसाही मागेच जात असतो, त्याला वेगळं बटण कशाला, पण आहे. शेजारच्या सलोमीअक्का बैसाणे यांच्या अंगणात कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्यांचे सासरे बोदवडला रेल्वेत गँगमन होते, त्यांची ही एवढी इस्टेट. मी पुढे जायला निघालो आणि स्कूटर मागे गेली. आरसा रुळाच्या दोरीत अडकला. सोडवायला हिसका दिला, तर रूळ कॅरियरवर आपटला. टण! घाबरून दुसरा हिसका. टण! मग मी हिसके देत राहिलो आणि रूळ बोलत राहिला.

रस्त्यापलीकडच्या शाळेची घंटाही रुळाचीच. एक ठोका पडला की तास बदलतो आणि ठोके थांबतच नाहीत तेव्हा शाळा सुटते. माझे थांबत नव्हते. पलीकडून आधी एक आरोळी आली, मग दप्तरं आली, मग पोरं. शिपाई वना दोन्ही हात पसरून फाटकात उभा राहिला, तो बिचारा पोरांबरोबर वाहत पार पानटपरीपर्यंत गेला.

ही साधी गंमत म्हणून सोडून दिली असती. पण घंटा अक्कांची होती आणि शाळा मुख्याध्यापक भूपेंद्रसरांची. त्या दोघांत दीड वर्षापासून युद्ध चालू होतं.

सलोमीअक्का आमच्या पारोळ्यात एका दवाखान्यात नर्स होत्या. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. त्यांचे यजमान झुलालभाऊ केळीची गाडी चालवतात. घरात ते पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच गप्प बसतात. रिबका, शमुवेल आणि योना ही मुलं. दर रविवारी पाचही जण एसटीने धुळ्याला चर्चला जातात. अक्का माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मी त्यांना अक्काच म्हणतो. एकदा माझा घसा धरला होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत घसा सुटला, मी गोळ्या फळीवर ठेवल्या. अक्कांना कुठून कळलं कोण जाणे. पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या. "आबा, तोंड उघाडा. गुण ऊना म्हनीसन गोळ्या सोडतस का?" उरलेल्या दिवसांत त्या रोज आल्या आणि गोळी गिळल्यावर माझी जीभ उचलून पाहून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरतो. या लेखात प्रेम दिसलं तर ते त्याच भीतीतलं आहे.

युद्धाचं कारण रविवार. भूपेंद्रसरांनी शिष्यवृत्तीचे जादा तास रविवारी ठेवले. रिबका गेली नाही, उपासनेला गेली. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सरांनी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि माइकवरून विचारलं, "काय गं, तुझा देव पेपर सोडवून देणार आहे का?" पोरं हसली. रिबका तशी वर्गात सर्वांत दांडगी, खोखोत कुणाच्या हाती न लागणारी. पण ती ते हसणं घरी घेऊन आली आणि अंथरुणात तोंड लपवून झोपली. अक्का शाळेत जाब विचारायला गेल्या. सरही तेव्हा तापलेले. म्हणाले, "एवढंच असेल तर शिकवा घरीच!"

"बरं," अक्का म्हणाल्या.

सरांना वाटलं, बाई रागाने बोलली, दोन दिवसांनी येईल. अक्कांनी त्याच दिवशी तिन्ही दाखले काढले, नोकरी सोडली, स्वयंपाकघराच्या दाराला काळा रंग मारून फळा केला आणि दुसऱ्या दिवशी घरात शाळा भरवली. मोठीचं नाव मुक्त विद्यालयात घातलं. शाळा अगदी रीतसर. गणवेश जुन्या शाळेचाच. "शिवेल शेतस, फाटतीन तवलोंग घालतीन," असं धोरण. पाढे म्हणत म्हणत मुलं शेंगा फोडतात. भाकरी तव्यावर का फुगते हे विज्ञान, ती कुणी संपवली हा इतिहास. घंटेसाठी सासऱ्यांचा रूळ. पण ती घंटा अक्का स्वतः एका बोटाने वाजवल्यासारखी हळूच वाजवत. "मनं भांडन सरस्संगे शे, पोरेस्संगे नही," म्हणत.

आणि भांडण चालू होतं. अक्कांच्या बायबलात शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. बहुतेक लोक ही आज्ञा मनातल्या मनात उरकतात. अक्कांनी ती खणखणीत पाळली. समोरच्या शाळेत राष्ट्रगीत झालं की थोडा वेळ मौन असतं. नेमक्या त्या मौनात, ओट्यावर दोन्ही मुलगे आणि दाराआड रिबका अशी रांग लावून, डोळे मिटून आणि गळा मोकळा सोडून, अक्का सुरू करत. माणसांशी त्या अहिराणी बोलतात, देवाशी मात्र शुद्ध मराठी. "हे आमच्या स्वर्गीय बापा, तुझं लेकरू भूपेंद्रसर याला क्षमा कर. त्याच्या जिभेला लगाम दे. त्याचं काळीज कोवळ्या वांग्यासारखं मऊ कर. त्याचा बसण्याचा त्रास दूर कर."

बसण्याचा त्रास हे काही गुपित नव्हतं. सर रोज हवेची गोल गादी काखेत घेऊन शाळेत येत, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि त्यासाठी रोज सकाळी आभाळाकडे अर्ज जाणं वेगळं. पहिल्या महिन्यात शाळेतली पोरं खुसखुसायची. नंतर त्यांना प्रार्थना पाठ झाली. मग अक्कांनी "आमेन" म्हटलं की कंपाउंडच्या भिंतीमागून तीनशे गळ्यांचा "आमेन" यायला लागला.

सर पोलीस चौकीत गेले होते म्हणतात. फौजदाराने विचारलं, "बाई शिव्या देते?" "नाही." "शाप देते?" "नाही. माझं भलं व्हावं म्हणते." फौजदाराने पेन खाली ठेवलं. "सर, माझ्यासाठी तर घरातलंही कुणी म्हणत नाही."

मी एकदा अक्कांना विचारलं, "तुम्हाला नेमकं हवं तरी काय?" त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. समोर मधली सुट्टी झाली होती, पोरं मैदानात आली होती आणि ओट्यावर खेळत असलेली रिबका उठून घरात चालली होती. रोज तसंच व्हायचं. ती पोरं दिसली की ही आत. "जठे हासनात, तठेच सरनी चुकनं म्हनीसन सांगाले पाहिजे," अक्का म्हणाल्या. "त्याच माइकवर. तिन्हं नाव लईसन." एवढं बोलून त्यांनी एक किडकी शेंग अशी चिरडली, की मी घरी गेलो.

तर त्या तपासणीच्या दिवशी माझी स्कूटर अजून रुळाच्या मिठीत होती, आणि भूपेंद्रसर दीड वर्षात पहिल्यांदा रस्ता ओलांडून अक्कांच्या दाराशी आले. काखेत हवेची गादी तशीच.

"बैसाणेबाई! हा शेवट झाला! साहेबांसमोर घंटा वाजवता?"

"सर, घंटा माझ्या स्कूटरने..." मी म्हणालो.

"आबा, तुम्ही मधे पडू नका." मी अक्षरशः मधेच पडलो होतो, एक पाय स्कूटरखाली, पण ते कोण ऐकतो.

आतून अक्कांचा आवाज आला. "तास चालू शे. उशिरा येनारास्नी बाहेर उभं ऱ्हावाणं. तुमनाच नियम शे, सर."

सर दारात थबकले. मागे वळून पाहिलं. गंमत बघायला परतलेल्या पोरांची डोकी भिंतीवर ओळीने लागली होती. परत जावं तर तीनशे जण बघणार, उभं राहावं तर तेच तीनशे बघणार. शाळेत तर साहेब बसलेले. सर उभे राहिले. आत अपूर्णांक चालले होते आणि अक्का ते अतिशय सावकाश शिकवत होत्या. एका भाकरीचे चार भाग केले, त्या चाराचे आठ केले. मला वाटलं, आता पिठापर्यंत जातात.

शेवटी योनालाच दया आली. "आई, सरस्ले खुर्ची देऊ?"

रिबका पहिल्यांदा मान वर करून सरांकडे बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "नको रे. सरस्ले उभंच बरं पडस."

ही पोरगी अक्कांचीच, यात मला तेव्हापासून शंका राहिली नाही.

तास संपला. अक्का बाहेर आल्या आणि आधी मला म्हणाल्या, "आबा, दीड वरीस मी हात राखीसन घंटा वाजाडी, आनि तुम्ही एका हिसकामा बठ्ठं वाया घाली दिन्हं! माले घंटा वाजाडनी ऱ्हाती ते मी तवयच वाजाडी नसती का?" बदल्यातही त्यांना चोख काम लागतं. मी घातलेला घोळ त्यांना स्वतःच्या नावावर नको होता.

सरांचा राग उभं राहून ओसरला होता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "घंटेचं जाऊ द्या बाई. आज साहेबांनी पाचवीच्या वर्गाला विचारलं, तुमच्या मुख्याध्यापकांचं नाव काय. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, 'भूपेंद्रसर, आमेन!' साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगू? तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे, ते एकदा सांगून टाका."

अक्कांनी सांगितलं. जे मला शेंगा निवडताना सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत.

"सगळ्यांसमोर? अहो, माझी काही पत आहे."

"रिबकानी बी व्हती," अक्का म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा त्यांनी दिला. सरांनी तो उभ्यानेच प्यायला. गादीत हवा भरायची तिथे कुणाची हिंमत होणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ओट्यावर आधीच जागा धरून बसलो. राष्ट्रगीत झालं. मौनाच्या वेळी माइक खरखरला आणि भूपेंद्रसरांचा आवाज आला. "विद्यार्थी मित्रांनो, बोलण्याच्या ओघात कधी कुणाला काही लागलं असेल, तर..."

"नाव ल्या!" रस्त्याच्या अलीकडून अक्का ओरडल्या. नर्सचा तो आवाज, त्याला माइक लागत नाही.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, गेलं. दीड वर्षाची मेहनत गेली. अक्कांच्या हातातला पदराचा पिळा घट्ट होत चालला होता.

"रिबका बैसाणे," सर म्हणाले. "मी तुला इथे उभं करून सगळ्यांना तुझ्यावर हसवलं. ते चुकलं माझं."

भिंतीमागून तीनशे गळे एकदम, "आमेन!"

रिबका दाराआड होती. ती ओट्यावर आली. गणवेशाच्या बाह्या आखूड झालेल्या, वेणीला कालचाच रबर. तिने समोर पाहिलं, आणि भिंतीवरून कुणीतरी हात हलवला तेव्हा तिनेही हलवला. त्या संध्याकाळी ती शाळेच्या मैदानात मुलींबरोबर खोखो खेळायला गेली आणि कुणाच्याच हाती लागली नाही. झुलालभाऊ गाडी धुता धुता बराच वेळ तिकडे पाहत होते. चाक एकच, पण तीनदा धुतलं.

सरांनी निरोप पाठवला, मुलांना शाळेत परत घालायचं असेल तर दार उघडं आहे, रविवारचे तासही शनिवारी घेतो. अक्कांनी वनामार्फत उलट निरोप दिला, "तुम्हीच सांगेल शे, घरीच शिकवा. मुख्याध्यापकनी आज्ञा मी कशी मोडू?" योनाने त्या दिवशी मनापासून देवाचे आभार मानले.

मला वाटलं, युद्ध संपलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत झालं, मौन सुरू झालं, आणि ओट्यावरून तोच खणखणीत आवाज. "हे आमच्या स्वर्गीय बापा, तुझं लेकरू भूपेंद्रसर याला क्षमा कर. त्याच्या जिभेला लगाम दे..." जीभ झाली, काळीज झालं, बसण्याचा त्रास झाला. आणि शेवटी एक नवं कलम जोडलेलं होतं: "आणि शेजारच्या आबाला पुढचं आणि मागचं बटण ओळखायची बुद्धी दे." भिंतीमागून आमेन आला, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

मी चहाचा कप तसाच ठेवून फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, "अक्का, माणसाने सगळ्या शाळेसमोर चूक कबूल केली. पोरगी खेळायला लागली. आता तरी त्या बिचाऱ्याला प्रार्थनेतून सोडा!"

अक्कांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे त्या पाण्याच्या पेल्यावाल्या नजरेने पाहिलं.

"कोर्स पुरा करना पडस, आबा."