शेजारणीची जाड भाकरी

नातीने पुण्याहून फोनवर सांगितले, "आज्जी, रोज सकाळी उठल्यावर तीन गोष्टींचे आभार मानायचे. मन शांत राहतं."

मी म्हटले, "माझं मन शांतच हाय. हात मोडलाय."

न्हाणीत पाय घसरून उजवे मनगट मोडले होते. दीड महिना प्लास्टर. मी एकटी राहते. वरण, भाजी डाव्या हाताने कशीबशी होते, पण भाकरी थापायला धड हात लागतात. भाकरीवाचून माझे जेवण होत नाही. जेवणाचे हाल मुलाला कळले असते तर तो गाडी घेऊन आला असता, मला पुण्याला नेले असते आणि हे घर पुन्हा कधी उघडले असते कुणास ठाऊक.

शेजारी एक तेलुगू कुटुंब आहे. नवरा कापडाच्या मागावर कामाला जातो, बाई घरी विड्या वळते, दोन पोरी शाळेत. मी पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई फडक्यात दोन भाकरी गुंडाळून घेऊन आली. मी घेतल्या. त्यांच्या घरी होतातच, त्यातल्या दोन मला, असे मी धरून चालले.

भाकरी जाड, कडा फाटलेल्या, मध्ये कच्ची. साठ वर्षे भाकरी थापलेल्या बाईचे तोंड अशा वेळी गप्प बसत नाही. मी म्हटले, "पीठ नीट मळलं न्हाईस." दुसऱ्या दिवशी म्हटले, "तवा तापू दे की गं." मग एकदा म्हटले, "ही भाकरी हाय का फरशी?" ती हसायची, फडके झटकायची आणि जायची. मला वाटायचे, मी तिला शिकवते आहे.

पंधरा दिवस असे गेले. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहात खारी बुडवून खाल्ली. भात लावता आला असता, पण रागाने लावला नाही. राग कुणाचा, ते मला सांगता आले नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात गेले. रविवार होता, चौघेही जेवायला बसले होते. चारही ताटांत भात. भाकरी कुठेच नाही.

"काय गं, आज भाकरी केली न्हाईस?"

"आमच्यात कोण खातंय भाकरी, आज्जी? दोन्ही टायम भातच असतोय."

"मग माझ्या?"

उत्तर नवऱ्याने दिले. "तुमच्यासाठी शिकली की ती! दळण आणलं, रोज सात-आठ थापायची. बऱ्या दोन तुमाला, फाटलेल्या आमच्या बोकांडी." पोरी फिदीफिदी हसल्या.

"तरी फरशीच," ती ताटाकडे बघत म्हणाली.

मी उंबऱ्याशी बसले. मुलगा म्हणतो, चुकलं हा शब्द मला येत नाही. खरे आहे. मी म्हटले, "दोन दिवस खारी खाल्लीय मी."

"खावा की मग. चहात मऊ तरी पडतीय."

आता मलाही हसू आले. मी म्हटले, "घरात होतात म्हणून देतीस, असं समजले मी. विचारलं पण न्हाई. वर नावं ठेवली. वाईट केलं."

तिने जेवण उरकले, हात धुतले, विड्यांचे सूप बाजूला सारले आणि परातीत पीठ घेतले. मी समोर बसून राहिले. पाणी जास्त झाले, बोलले नाही. तवा तापायच्या आधीच भाकरी टाकली, तरी बोलले नाही. मला ते फार जड गेले.

भाकरी झाली. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"कशी हाय?"

"जाड हाय." खोटे कशाला बोलू? "पण तू करतीस म्हणून मी माझ्या घरात हाय. न्हाईतर पोरानं कवाच उचलून नेलं असतं."

"मग खावा की गप."

मी सगळी खाल्ली आणि अजून एक मागितली.