एसएलआर, इन्सास आणि पेडण्याची सोयरीक

गोव्याला जायचं पक्कं झालं तेव्हा आईने डब्यात लाडू भरता भरता मला एकच ताकीद दिली. "काय वाट्टेल ते बोलू दे त्यांना, पण बंदुकीवर जाऊ देऊ नको." गुडघ्यामुळे ती स्वतः येणार नव्हती, त्यामुळे आप्पांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीही मीच चालवणार होते. दोन्हींपैकी अवघड काय, हे वेगळं सांगायला नको.

आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. माझी धाकटी बहीण मंजिरी डिचोलीजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. तिथेच तिला संकेत भेटला, पेडणे तालुक्यातला. दोघांचं ठरलं होतं, फक्त आप्पांचं ठरायचं होतं. ते म्हणाले, "बघून येऊ, मग ठरवू." आप्पांच्या "मग ठरवू"ची आमच्या घरात दहशत आहे. याआधी माझ्या एका चुलत बहिणीचं चांगलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण पाहुणे जाताना फाटक उघडं टाकून गेले. मंजिरीने फोनवर सांगितलं होतं, "ताई, त्यांनी नाही म्हटलं तर मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाशी करणारही नाही." ती नाटकी मुलगी नाही. म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्यात संकेतचे वडील, गावसकाका, हेसुद्धा फौजीच. आप्पांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण नायब सुभेदार म्हणून रिटायर. म्हणजे वयाने आप्पा मोठे आणि हुद्द्याने ते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आप्पा एसएलआरवाले आणि ते इन्सासवाले.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्ही रायफलींत एकदा कळ दाबली की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येऊन बसते. एसएलआर जुनी: लाकडी दस्ता, लांब नळी, जाड गोळी, आणि खांद्याला असा झटका की नवा जवान आठवडाभर त्या कुशीवर झोपत नाही. इन्सास नंतर आली. ती वीतभर आखूड, थोडी हलकी, गोळी बारीक, झटका कमी, आणि हवं तर तीन गोळ्या एकदम सोडणारी. तिच्या मॅगझिनमधून आतल्या गोळ्या आरपार दिसतात. यावर आप्पांचं म्हणणं असं की ज्याला आपल्या गोळ्या डोक्यात मोजता येत नाहीत त्याने बंदूक धरूच नये. शेवटची काही वर्षं त्यांनीही इन्सासच वापरली, पण जावई आवडला नाही तरी जेवायला वाढावं लागतं तशी.

गडहिंग्लजहून सकाळी लवकर निघालो. चंदगडमार्गे तिलारी घाट उतरायचा बेत होता. तुम्ही जाणार असाल तर ऐका: घाट सुंदर आहे पण उतार जीवघेणा आहे, वळणं अंगावर येतात. लहान गाडी असेल आणि उजेड असेल तरच जा, गिअर खालचा ठेवा आणि ब्रेकवर पाय देऊन बसू नका. आप्पा शेजारी बसून प्रत्येक वळणाला "हॉर्न" म्हणत होते. मी हॉर्न वाजवत होते, तरीही म्हणत होते. दोडामार्गला चहा घेतला आणि हद्द ओलांडल्यावर पेट्रोल भरलं. तिकडे ते आपल्यापेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे घरून टाकी फुल करून निघू नका.

डिचोलीत बाजाराजवळ पंधराशेला स्वच्छ खोली मिळाली. मंजिरी कामावरून सुटून आली आणि आम्हाला भाजीपाव खायला घेऊन गेली. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही मिसळून मागायची, आणि पाव नको असेल तर कोंड्याची पोई घ्यायची. शेजारच्या टेबलावर दोन ड्रायव्हर खाणीचे ट्रक पुन्हा कधी सुरळीत चालणार यावर बोलत होते. आप्पांनी तेवढ्यात त्यातल्या एकाचं गाव विचारून घेतलं. तो निघाला निपाणीकडचा, मग काय विचारता. माझा जरा जीव भांड्यात पडला. उठताना मंजिरीने आप्पांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, उद्या रायफल नको." आप्पा म्हणाले, "मी कशाला काढतोय? त्यांनी काढली तर मात्र गप बसणार न्हाई." झालं, मला रात्री धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी अस्नोडा, कोलवाळ करत पेडण्याला गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे वाचलंत की कळेल का ते. पेडणं म्हटलं की लोकांना मोरजी, हरमल, समुद्र एवढंच आठवतं. पण आतली गावं निराळी आहेत. डोंगराच्या उतारावर काजू, खाली वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, हिरवं शेत, मध्ये नारळाची रांग. काजूच्या बोंडांचा वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येत होता. मंजिरी मागच्या सीटवर ओढणीचं टोक गुंडाळत आणि उलगडत होती.

गावसकाका दारातच उभे होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. आप्पाही कडक इस्त्रीत. दोघांनी एकमेकांना असं पाहिलं की मला वाटलं, आता परेडच होणार. पण सुरुवात छान झाली. काकूंनी बांगड्याचं हुमण म्हणजे आमटी, मुडदोशा नावाचे मासे तळून, सोलकढी असं जेवण केलं होतं. आप्पांनी दोनदा भात मागून घेतला. संकेत फार बोलत नव्हता, पण आप्पांचं पाण्याचं भांडं रिकामं झालं की न सांगता भरत होता. मी मंजिरीला डोळ्यांनी खूण केली की जमतंय.

जेवणानंतर सगळे ओसरीवर बसलो आणि गावसकाकांनी पहिली गोळी झाडली. आमच्या वेळेला रायफल हलकी झाली म्हणून बरं, म्हणाले, नाहीतर जुन्या लोकांची कंबर त्या लाकडाच्या ओंडक्यानेच गेली. आप्पांनी शांतपणे विचारलं की ओंडका म्हणजे एसएलआर का? मी विषय बदलायला काजूचा भाव विचारला. कुणी ऐकलंच नाही. मग तासभर ते दोघं जे भांडले ते मी काय सांगू. आप्पा म्हणाले, एसएलआरची एक गोळी लागली की माणूस उठत नाही. काका म्हणाले, लागायला तर हवी, झटक्याने नळी आभाळाला जाते. आप्पा म्हणाले, ती शिकवणाऱ्याची चूक. काकांचा चेहरा लाल झाला, कारण ते स्वतः कित्येक वर्षं रंगरुटांना शिकवत होते. आवाज चढत गेले. आप्पा "साहेब" म्हणायचे थांबले आणि काका "दादा" म्हणायचे थांबले. काकू आतून दोनदा येऊन गेल्या. चहा करायच्या निमित्ताने मंजिरी आत गेली ती मला वाटतं रडायलाच.

शेवटी काका ताडकन उठले. खांद्याला दस्ता कसा लावायचा आणि झटका कसा झेलायचा ते प्रत्यक्षच दाखवतो, म्हणाले, आणि आतल्या भिंतीवरची बंदूक घेऊन आले. ती साधी एकनळी, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली. इकडे पुष्कळ घरांत असते, रानडुकरं पिकात शिरली की आवाज काढून हाकलायला. निवडणूक आली की अशा सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि संपली की परत आणायच्या. ही दोनच दिवसांपूर्वी परत आली होती.

काकांनी दोन्ही हातांनी ती आप्पांपुढे धरली. "घेया. खालीच आसा, परवांच पोलिसांकडसून हाडली."

त्याच वेळी मंजिरी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. नळीचं तोंड नेमकं तिकडे होतं.

आप्पांनी बंदूक घेतली आणि घेता घेताच नळी अंगणातल्या फणसाकडे वळवली. मग तिथेच बिजागरीवर वाकवून ती मधोमध उघडली. मला वाटलं झाला अपमान, यजमानाने खाली, म्हणजे रिकामी, आहे म्हणून सांगितल्यावर तपासायची काय गरज होती. आप्पांनी आत बोट घातलं आणि काडतूस काढून चहाच्या टेबलावर उभं ठेवलं.

मी उठून मंजिरीच्या हातातून ट्रे घेतला. गावसकाका काडतुसाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कुणी भरली, असं त्यांनी विचारलं.

"मी भरली," संकेत म्हणाला. तो पायरीवर होता, तिथून वर आला. "काल संध्याकाळी डुकरं शेतात आली होती म्हणून. बार काढायच्या आधी माझी आरोळी ऐकूनच पळाली, आणि मी बंदूक तशीच परत टांगली."

काकांनी हात उगारला. आप्पांनी तो मधेच धरला, अलगद खाली केला आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

मुक्काम हरमलला ठरवलेला होता, तो तसाच ठेवला. किनाऱ्यापासून आतल्या गल्लीत खोली स्वस्त मिळते आणि गाण्यांचा धिंगाणाही कमी ऐकू येतो, एवढी माहिती तुमच्या कामाची. बाकी हरमल मी पाहिलंच नाही असं समजा. स्कूटरी जात होत्या, लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते, आणि आम्ही तिघं वाळूत एका रांगेत बसलो होतो. मंजिरीने एकदाच विचारलं, "नाही का, आप्पा?" ते म्हणाले, "मला इचार करू दे." मला त्यांचा राग आला आणि संकेतचाही आला. खरं सांगायचं तर त्या क्षणी पोरगी जिवंत शेजारी बसलीय याचंच मला इतकं वाटत होतं की लग्नाचं काय व्हायचं ते होवो, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव देऊन गेला, आणि त्याच्या मागोमाग गावसकाका आणि संकेत स्कूटरवरून आले. काका खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "दादा, इतकी पोरां शिकयली मी. घरच्याक शिकवचां राहून गेलां. आणि काल मी स्वतः बघूक नाय. हातात शस्त्र घेतल्यार पयलां उघडून बघूचां, ह्यां मी पोरांकडसून तोंडपाठ म्हणून घेय." नायब सुभेदार हवालदारापुढे मान खाली घालून उभा आहे, हे आप्पांना बघवलं नाही. ते उठले आणि म्हणाले, चला घरी.

पुन्हा त्याच ओसरीवर गेलो. आप्पांनी संकेतला बंदूक आणायला सांगितली, आणि तो देऊ लागला तेव्हा घेतली नाही. "तिला दे," म्हणाले.

मंजिरीने ती घेतली. नळी आधी फणसाकडे, बोट कळीपासून लांब, मग बंदूक उघडून आत डोळा. एकही गोष्ट मागेपुढे झाली नाही. गावसकाका बघतच राहिले. मला मात्र दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवली. आम्हा दोघींना आप्पा ती रोल काढून, उघडून दाखवल्याशिवाय एकमेकींच्या हातात देऊ द्यायचे नाहीत. शेजारची पोरं आम्हाला चिडवायची आणि मी रडायची.

"घरात ही राहायची असंल तर रोज हिनं उघडून बघितल्यावरच टांगायची," आप्पा म्हणाले. "तुमी सांगितलं खाली हाय म्हणून हिनं ऐकायचं न्हाई. मी सांगितलं तरी न्हाई."

काकांनी मान डोलावली. मग अगदी हळू म्हणाले की इन्सासचं मॅगझिन आरपार दिसतं खरं, पण नळीच्या मागे गोळी चढून बसते ते चेंबर कुठे दिसतं? आप्पा म्हणाले की एसएलआरचंही नाही दिसत. दोन दिवसांत त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. काकू आतून म्हणाल्या, आता चहा तरी घ्या बाबांनो.

पण हो असं आप्पांनी म्हटलंच नाही. मंजिरीला डिचोलीला सोडलं तेव्हाही नाही. तिने विचारलं नाही, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

परत येताना बांदा, सावंतवाडी, आंबोली असा रस्ता घेतला. लांब पडतो पण चढायला सोपा आहे. आंबोलीत आप्पा म्हणाले गाडी थांबव. उतरून कठड्याला धरून उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तर बाटली न उघडताच कठड्यावर ठेवली.

"ती ट्रे घिऊन समोरच हुती गं," म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझे वडील मला पहिल्यांदाच म्हातारे वाटले, आणि फार आपले वाटले.

या प्रवासाचं काय राहिलं, असं आता विचारलंत तर घाट, हुमण, वायंगणाचं हिरवं शेत हे सगळं राहिलंच. जरूर जा. पण माझ्यापाशी जास्त राहिलं ते आईने दार उघडलं तेव्हाचं. चपला काढायच्या आधीच तिने विचारलं की बंदुकीवर गेला होतात ना तुम्ही? आप्पा म्हणाले, गेलो होतो. आईने कपाळावर हात मारून घेतला आणि खाली बसली. मग तिने भीत भीत विचारलं, पोरगा कसा आहे?

आप्पांनी टोपी खुंटीला लावली.

"त्याच्या बापानं इचारलं कुणी भरली," ते म्हणाले, "तर एवढ्या माणसांत, लगेच, 'मी' म्हणाला."

आई माझ्याकडे बघू लागली, मग त्यांच्याकडे. "म्हणजे काय समजू?"

"म्हणजे देऊया," आप्पा म्हणाले.